ओवी की फिलोमिना?

पत्राचा गोषवारा: खानापूर तालुक्यातल्या एका मराठी कॅथलिक घरातून हे पत्र आलं आहे. लिहिणाऱ्या ताईंना पहिली मुलगी झाली असून ती आता तीन महिन्यांची आहे. नवरा बेळगावला उद्यमबागेत नोकरी करतो. जन्माची नोंद झाली आहे, दाखल्यावर नाव मात्र अजून घातलेलं नाही. ताईंना मुलीचं नाव ‘ओवी’ ठेवायचं आहे. सासूबाईंचं म्हणणं असं, की ओवी हे हिंदूंचं नाव, संतांच्या यादीत नसलेलं, आणि अशा नावानं पोरीला स्वर्गात कुणाचा आधार राहणार नाही. त्यांना नाव हवं आहे ‘फिलोमिना’. गेल्या पावसाळ्यात वारलेल्या आजेसासूबाईंचं ते नाव. शेजारच्या एका बाईंनी भर घातली, की संताचं नाव नसेल तर फादर बाप्तिस्मा देणारच नाहीत. नवरा म्हणतो, ‘तुम्ही दोघी काय ते ठरवा.’ ताईंचं स्वतःचं नाव पोर्तुगीज वळणाचं आहे. मराठी शाळेत दरवर्षी नव्या बाईंना ते पुन्हा पुन्हा सांगावं लागे, मुलं हसत, आणि लेकीच्या वाट्याला ते येऊ नये असं त्यांना वाटतं. त्या विचारतात: मी श्रद्धेत कमी पडते आहे का? की हा नुसता माझा हट्ट आहे?

ताई,

आधी तुमची झोप उडवणारी गोष्ट मिटवू. नावासाठी बाप्तिस्मा अडणार नाही. कॅथलिक चर्चची सध्याची कायदेसंहिता 1983 सालची आहे. तिच्या 855व्या कलमात नावाबद्दल एकच सांगणं आहे: ख्रिस्ती भावनेला परकं असलेलं नाव मुलाला दिलं जाऊ नये, याची काळजी आईवडील, धर्मपिता-धर्ममाता (बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाची जबाबदारी घेणारे) आणि फादर यांनी घ्यावी. संताचंच नाव असलं पाहिजे, असं ते कलम म्हणत नाही. ख्रिस्ताची टिंगल करणारं किंवा दुष्टाव्याचं गुणगान करणारं नाव असेल तर फादर नक्की थांबवतील, आणि थांबवावंच. ओवीत तसं काय आहे?

पण सासूबाई हे मनानं रचून सांगतात असंही समजू नका. त्यांच्या आईच्या पिढीत 1917ची जुनी संहिता होती आणि तिच्या 761व्या कलमात फादरांना बजावलेलं होतं, की मुलाला ख्रिस्ती नाव मिळेल असं पाहा. त्याच्याही आधी, 16व्या शतकात, ट्रेंटच्या धर्मसभेनंतर निघालेल्या धर्मशिक्षणाच्या पुस्तकात संतांची नावं ठेवण्याचा उपदेश आहे. ज्याचं नाव घ्यायचं त्याच्यासारखं जगायला शिकायचं आणि त्यानं आपल्यासाठी प्रार्थना करावी, हा त्यामागचा विचार. तो सुंदर आहे आणि मला तो जपावासा वाटतो. सासूबाई हेच ऐकत वाढल्या. मात्र त्या जुन्या कलमाचा पुढचा भाग गावोगाव पोचला नाही: आईवडिलांनी दुसरंच नाव धरून ठेवलं तर फादरांनी त्याला एखाद्या संताचं नाव जोडावं आणि दोन्ही नावं बाप्तिस्म्याच्या वहीत लिहावीत. म्हणजे कडक म्हणवणाऱ्या त्या काळातही नावावरून मुलाला परत पाठवायचं नव्हतं. शेजारच्या बाईंना हे शांतपणे सांगा.

आता ओवी हिंदूंची का, ते पाहू. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट, म्हणजे येशूसंघ या कॅथलिक संघातला धर्मगुरू, 1579 साली गोव्यात आला आणि पुढचं सगळं आयुष्य तिथेच राहिला. इथल्या लोकांना त्यांच्याच बोलीत ख्रिस्ताची गोष्ट सांगायची म्हणून त्यानं ख्रिस्तपुराण लिहिलं. 1616 साली ते गोव्यातल्या राशोलला छापलं गेलं. भाषा मराठी, छंद ओवीचा, आणि ओव्या जवळपास 11,000. गोव्यात आणि कानडा किनाऱ्यावर ख्रिस्ती घरांत आणि चर्चमध्ये ते पिढ्यान्‌पिढ्या वाचलं गेलं. आपल्या भागातली कितीतरी कॅथलिक घराणी गोव्याकडूनच घाट चढून आली. त्यांच्या पूर्वजांनी येशूचा जन्म, मरण आणि पुनरुत्थान ओवीत ऐकलं असणं सहज शक्य आहे. ज्ञानेश्वरांची ओवी आणि जात्यावरची ओवी जशी आपली, तशी हीसुद्धा आपली. सासूबाईंशी बोलताना हे जरूर काढा, मात्र वादात उत्तर म्हणून नको. त्यांना माहीत नसेल तर ऐकून आनंदच होईल.

त्यांच्या म्हणण्याच्या मुळाशी एक समजूत आहे, आणि ती फक्त त्यांची नाही. तिशी-चाळिशीतले शिकलेले लोकही ती बाळगून असतात. समजूत अशी, की काही नावं मुळातच पवित्र असतात, ती वरून तयार होऊन आली, आणि संतांना ती होती म्हणून ते संत शोभले. प्रत्यक्षात झालं ते उलट. नावं साधी होती, गावठी होती, कित्येक तर परक्या देवांची होती. माणसं मोठी झाली आणि मग ती नावं चर्चमध्ये घुमू लागली.

12 मार्च 1622 हा एकच दिवस घ्या. त्या दिवशी रोममध्ये पाच जणांना एकत्र संत म्हणून जाहीर केलं: माद्रिदचा शेतकरी इसिदोर, लोयोलाचा इग्नेशियस, फ्रान्सिस झेवियर, आविलाची तेरेसा आणि फिलिप नेरी. आज आपल्या पॅरिशच्या, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या लोकांच्या, कुठल्याही यादीत यातली दोन-तीन नावं हमखास सापडतील. ती मुळात काय होती? इसिदोर म्हणजे इसिसचं देणं, आणि इसिस ही इजिप्तची देवी. दुसऱ्याच्या शेतात राबणारा तो भाविक गडी आयुष्यभर त्या देवीचं नाव वागवत देवाघरी गेला, आणि आज तो शेतकऱ्यांचा कैवारी आहे. फिलिप हे ख्रिस्ताच्या आधीपासूनचं ग्रीक नाव, घोड्यांची आवड असलेल्याचं. सिकंदराच्या बापाचं तेच नाव होतं. इग्नेशियसचं पाळण्यातलं नाव इनिगो, त्याच्या बास्क मुलखातलं अगदी स्थानिक नाव. इग्नेशियस हे तो पुढे लावू लागला, आणि त्याचंच गोव्यात ‘इनास’ झालं. झेवियर तर माणसाचं नावच नव्हतं. नवारा प्रांतातल्या ज्या गढीत फ्रान्सिस 1506 साली जन्मला त्या गढीचं ते नाव. एका गढीचं नाव आज आपल्याकडच्या कितीतरी मुलग्यांना लागलं आहे, कारण तिथून निघालेला माणूस गोव्यात आला, कुष्ठरोग्यांत वावरला, आणि 1552 साली चीनच्या दारात एका बेटावर वारला.

फ्रान्सिस हे नाव त्याच्याही आधीच्या असिसीच्या फ्रान्सिसमुळे पसरलं. त्या असिसीकराचा बाप्तिस्मा जोव्हान्नी, म्हणजे योहान, या नावानं झाला होता. बाप कापडाचा व्यापारी. फ्रान्सशी त्याचा धंदा होता आणि त्या देशाचं त्याला वेड, म्हणून पोराला तो फ्रांचेस्को म्हणू लागला. चर्चनं दिलेलं संताचं नाव मागे राहिलं आणि बापाच्या हौसेचं नाव जगभर झालं. मार्टिन हे नाव रोमच्या युद्धदेवतेवरून आलं, डेनिस हे ग्रीकांच्या मद्यदेवतेवरून. आपल्या गावांतल्या डेनिसमामाला आणि मार्टिनकाकाला आपण कधी विचारतो का, की तुमचं नाव कुठल्या देवाचं?

युरोपातल्यांना चाललं, आपल्याला चालेल का, अशी शंका उरत असेल तर देवसहायमचं पाहा. 1712 साली आजच्या कन्याकुमारी जिल्ह्यात जन्मलेला नीलकंठ पिळ्ळै हा त्रावणकोर दरबारातला माणूस. 1745 साली त्यानं बाप्तिस्मा घेतला. बायबलमधल्या लाजरस या नावाचा अर्थ धरून त्याला देवसहायम हे नाव मिळालं. 1752 साली त्याला गोळ्या घालून मारलं. 15 मे 2022 रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्याला संत घोषित केलं, ते देवसहायम याच नावानं. तेव्हापासून देवसहायम हे संताचं नाव आहे, लाजरस जितकं आहे तितकंच.

मराठीत तर याला सरळ परंपरा आहे. बाबा पदमनजी बेळगावात 1831 साली जन्मले, इथल्याच मिशनच्या शाळेत शिकले. ख्रिस्ती झाल्यावरही ते बाबा पदमनजीच राहिले आणि त्याच नावानं त्यांनी मराठीतली पहिली कादंबरी लिहिली. नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला आणि आजही आपण त्यांची भजनं गातो ती नारायण वामन टिळकांची म्हणूनच. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमध्ये झाला, तेव्हा त्यांच्या नावापुढे मेरी लागलं. रमा तरीही गेली नाही. इंग्लंडच्या चर्चच्या दिनदर्शिकेत 30 एप्रिलला त्यांचं स्मरण असतं, तिथे ‘मेरी’ही आहे आणि ‘रमाबाई’ही. ही सगळी मंडळी प्रोटेस्टंट, हे सासूबाई लगेच म्हणतील, आणि ते खरं आहे. प्रोटेस्टंटांत संतांच्या नावाचा आग्रह तेवढा नव्हता. पण बाप्तिस्मा एकच आहे, हे आपणही मानतो.

ताई, इथवर मी तुमच्या बाजूनं बोलले. आता तुमच्या दोन गृहीतकांना हात घालते.

पहिलं शाळेचं. तुम्हाला हसले, ते लागलं, आणि इतक्या वर्षांनी लेकीचं नाव ठेवताना वर आलं, यात नवल नाही. पण दोष तुमच्या नावात होता का? एका मुलीचं नाव नीट उच्चारायला न शिकणं ही शिकवणाऱ्यांची उणीव होती. ओवी हे नाव ठेवलंत तरी आडनाव तेच राहणार, गळ्यातला क्रूस तोच राहणार, आणि एखादा पोरगा कधीतरी काहीतरी बोलणारच. शिवाय चर्चमध्ये तिला उलटा प्रश्न येईल: ‘ओवी? हे कसलं नाव?’ सीमेवरच्या आपल्या मुलांना कुठलंही नाव दिलं तरी कुठेतरी ते समजावून सांगावं लागतंच, कधी कन्नड बोलणाऱ्यांना, कधी मराठी बोलणाऱ्यांना, कधी आपल्याच माणसांना. म्हणून लपवायला नाव ठेवू नका. आवडलं म्हणून ठेवा, आणि त्याची गोष्ट तिला लहानपणीच सांगा, म्हणजे विचारणाऱ्याला ती न डगमगता उत्तर देईल. ओवीसाठी तुमच्याकडे 1616 सालापासूनची गोष्ट आहे.

दुसरं गृहीतक सासूबाईंबद्दल. पत्रभर तुम्ही त्यांना धर्माच्या बाबतीत कडक म्हटलं आहे. मी पत्र पुन्हा वाचलं तेव्हा मला वेगळं दिसलं. त्यांना मार्गारेट किंवा सिसिलिया चाललं असतं असं तुम्ही कुठेच लिहीत नाही. त्यांना फिलोमिनाच हवी. लग्न होऊन आल्या तेव्हा आजींनी त्यांना लेकीसारखं सांभाळलं, हे तुम्हीच लिहिलं आहे, आणि आजी जाऊन वर्षही झालेलं नाही. घरात गेलेल्या माणसाचं नाव नव्या बाळाला ठेवायचं, ही चाल तुमच्या गल्लीतल्या हिंदू घरांतही आहे. तिचा कुठल्याही धर्मकलमाशी संबंध नाही. सासूबाई संताचं नाव पुढे करतात, कारण दुःखापेक्षा नियम बोलायला सोपा असतो. त्या नियमाला तुम्ही कलमांनी उत्तर दिलंत तर जिंकालही, पण आजींबद्दल त्यांना जे बोलायचं आहे ते तसंच राहील.

इथेच फिलोमिनाबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, कारण आज ना उद्या कुणीतरी मोबाइलवर वाचून ती तुमच्या घरात फेकेल. 1802 साली रोममध्ये प्रिसिलाच्या भुयारी दफनभूमीत एका कोवळ्या मुलीचे अवशेष सापडले. कबरीवर भाजलेल्या मातीच्या तीन फरश्या होत्या आणि त्यांवर अक्षरं होती. फरश्यांचा क्रम बदलून वाचलं तेव्हा शब्द लागले: ‘तुला शांती असो, फिलुमेना.’ इतकंच. ती कोण, केव्हाची, कशी मेली, याची त्या काळातली काहीच नोंद नाही. पुढे तिची जी कथा पसरली ती एका इटालियन भगिनीला झालेल्या दर्शनांवरून. तरी लोकांनी तिला हृदयाशी धरलं. फ्रान्समधल्या आर्स गावचे फादर जॉन व्हियान्नी, जे पुढे स्वतः संत झाले, तिचे मोठे भक्त होते. 1961 साली रोमनं तिचा सण उपासनेच्या दिनदर्शिकेतून काढायला सांगितलं, कारण इतिहासाचा आधार नव्हता. तिच्याकडे प्रार्थना करायला मात्र कुणी बंदी घातली नाही.

कृपा करून ‘तुमची फिलोमिना यादीतच नाही’ हे सासूबाईंना ऐकवू नका. खरं असलं तरी ते निर्दय होईल, आणि आजींचं संबंध आयुष्य एका कागदानं खोडल्यासारखं त्यांना वाटेल. मला यातून दुसरंच दिसतं. जिच्याबद्दल नावापलीकडे काहीच उरलं नाही अशा एका पोरीला दीडशे वर्षं गोरगरिबांनी आपली मानलं, आणि त्या ओढीतून ते नाव तुमच्या गावातल्या एका घरापर्यंत आलं, जिथल्या फिलोमिनानं चार माणसं वाढवली. तुमच्या लेकीसाठी ओळखीची फिलोमिना ही दुसरी आहे. तिचा चेहरा आठवणारी माणसं अजून घरात आहेत.

मग करायचं काय? मला स्वतःला पटतं ते असं: बाप्तिस्म्याच्या वहीत ‘ओवी फिलोमिना’, आणि हाक ओवी. ही तडजोड म्हणून सुचवत नाही. एका माणसाला दोन नावं असणं ख्रिस्ती परंपरेत अगदी जुनं आहे. शौलाचा पौल दमास्कसच्या वाटेवर झाला असं आपण म्हणतो. प्रेषितांची कृत्ये उघडून पाहा: दर्शन आणि बाप्तिस्मा 9व्या अध्यायात आहे, आणि 13व्या अध्यायापर्यंत तो शौलच आहे. तिथे एका ओळीत येतं, की शौलाला पौलही म्हणत. एक यहुदी घरचं नाव, एक रोमी जगातलं. मदर तेरेसा 1910 साली स्कोपियेत जन्मल्या तेव्हा त्यांचं नाव आग्नेस गोंजा होतं. त्यातलं गोंजा म्हणजे आल्बेनियन भाषेतली कळी, आणि घरचे त्यांना त्याच नावानं हाक मारत. तेरेसा हे नाव त्यांनी मठात गेल्यावर फ्रान्समधल्या लिझ्यूच्या संत तेरेझावरून घेतलं.

सासूबाईंना फिलोमिना पुढे हवी असेल तर ‘फिलोमिना ओवी’लाही माझी हरकत नाही, पण मग दाखल्यावर, आधारवर आणि शाळेत पहिलं नाव फिलोमिनाच चालेल हे आज मान्य करून टाका. कागदावरचं पहिलं नाव हळूहळू हाकेतलं नाव होतं. नुसतं ‘फिलोमिना’ ठेवायचं ठरलं, तर सगळ्यांच्या मनापासून ठरू द्या. तुम्ही आतून नाराज राहिलात तर ती नाराजी हाकेत उतरते आणि मुलाला ती कळते. नुसतं ‘ओवी’ ठेवणंही धर्माला धरूनच आहे, पण आजींना जाऊन वर्षही झालं नसताना मी तो मार्ग धरणार नाही. आणखी एक वाट आहे. आजींना घरात काय म्हणत ते विचारून घ्या. फिलोमिनाची फिलू होते, मीना होते. घरातली हाक तशी काही असेल तर तीच मुलीला देता येईल. गोव्यात जुझे, मराठी बायबलात योसेफ आणि इंग्रजी शाळेत जोसेफ एकच असतो. जुवांव, योहान आणि जॉनही तसेच.

बोलणी कुणी करायची? तुमच्या नवऱ्यानं. ‘तुम्ही दोघी ठरवा’ हे ऐकायला मोकळेपणाचं वाटतं, पण त्यामुळे सुनेला सासूशी एकटीनं झगडावं लागतं. लूकच्या शुभवर्तमानातला पहिलाच अध्याय दोघांनी मिळून वाचा. अलीशिबेला मुलगा झाला. आठव्या दिवशी शेजारीपाजारी आणि नातलग जमले आणि बापाचं नाव जखऱ्या म्हणून तेच पोराला ठेवायला निघाले. आई म्हणाली, नाही, योहान. लोक म्हणाले, तुमच्या नात्यात या नावाचं कोणी नाही. तिचं म्हणणं कुणी मानलं नाही, बापाला खुणा केल्या. जखऱ्याची वाचा गेलेली होती. त्यानं पाटी मागितली आणि लिहिलं, याचं नाव योहान. ज्या योहानामुळे आज जगात इतके जॉन आहेत त्याचं नाव असं घरच्यांच्या विरोधात ठेवलं गेलं, आणि वाद मिटला तो बापानं आईच्या बाजूनं पाटीवर लिहिल्यावर. अर्थात ते नाव देवदूतानं सांगितलेलं होतं. तुम्हाला किंवा मला तसं कुणी सांगितलेलं नाही, म्हणून ओवी हीच देवाची इच्छा, असंही धरून बसू नका. पण नवऱ्यानं मत द्यावं, ते स्वतःच्या तोंडानं आईला सांगावं, एवढं मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

सासूबाईंशी बसाल तेव्हा नावापासून सुरुवात करू नका. आजींबद्दल विचारा. त्या कुठल्या गावच्या, त्यांचं नाव कुणी ठेवलं, फेस्ताला काय करायच्या, कुठली प्रार्थना तोंडपाठ होती. ऐकून झाल्यावर दोन नावांचं काढा. आणि माझी मनापासूनची सूचना अशी, की धर्ममाता सासूबाईंनाच करा. धर्मसंहितेप्रमाणे धर्ममाता कॅथलिक, दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करणारा संस्कार) झालेली, साधारणपणे सोळा वर्षांवरची आणि श्रद्धेला धरून जगणारी असावी लागते. मुलाचे आईवडील चालत नाहीत, आजी चालते. पोरीला आधार कोण, या त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मग त्या स्वतःच होतात. फिलोमिनाचा सण भाविक लोक 11 ऑगस्टला पाळतात. त्या दिवशी दरवर्षी मुलीच्या नावानं घरी प्रार्थना आणि काही गोडधोड करायचं, हे त्यांच्याकडे सोपवा. मोठी झाल्यावर दृढीकरणाच्या वेळी आपल्या आवडीच्या संताचं नाव घेण्याची चालही आपल्याकडे आहे, तेव्हा निवड तिची ती करील.

तुम्ही श्रद्धेत कमी पडता आहात का, हे मी मुद्दाम शेवटाकडे ठेवलं होतं. नाही, ताई. जिला बाप्तिस्म्याची एवढी घाई आहे आणि लेकीच्या नावात स्वतःची भाषा असावी असं वाटतं, तिच्या श्रद्धेबद्दल मला काळजी नाही. लेकीला नावांपेक्षा संतांच्या गोष्टी जास्त सांगा. वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया 1597 साली नागासाकीत क्रूसावर कसा गेला, बाणावलीचे जोसेफ वाझ श्रीलंकेत लपतछपत मिस्सा कसे करत, हे ऐकत वाढलेली ओवी संतांना परकी राहणार नाही.

अशाच अडचणीत असलेल्या इतरांसाठी आणि तुमच्यासाठीही, आता कागदांचं. नोंदीच्या वेळी नाव ठरलेलं नसेल तर बारा महिन्यांत ते शुल्काशिवाय घालता येतं, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. तेव्हा घाईनं काहीतरी लिहून टाकू नका, पण वर्ष उलटूही देऊ नका. 1 ऑक्टोबर 2023 किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी जन्मदाखल्याला फार महत्त्व आलं आहे. शाळाप्रवेशापासून पुढच्या कामांपर्यंत जन्मतारीख आणि जन्मस्थळाचा पुरावा तोच. दोन नावं ठेवणार असाल तर दाखल्यावरही दोन्ही त्याच क्रमानं घाला. बाप्तिस्म्याच्या वहीत एक आणि दाखल्यावर दुसरंच, असं झालं की लग्नाच्या वेळी चर्चमध्ये आणि पासपोर्टच्या वेळी कचेरीत हेलपाटे पडतात. आपल्याकडे दाखल्यावर कन्नड आणि इंग्रजी अक्षरं असतात, म्हणून इंग्रजी स्पेलिंग आधी घरी कागदावर लिहून ठरवा. फिलोमिना तर एफनंही लिहितात आणि पीएचनंही. आजींच्या जुन्या कागदावर जसं असेल तसंच घेतलं तर सासूबाईंना बरं वाटेल. कन्नड अक्षरं छापण्याआधी वाचता येणाऱ्या कुणाकडून तरी तपासून घ्या.

ज्यांची मुलं मोठी झाली आणि वहीत एक, शाळेत दुसरं असं आधीच होऊन बसलं आहे, त्यांनी वहीतलं नाव खोडायचा आग्रह धरू नये. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र करून एक प्रत पॅरिशच्या कचेरीत द्यावी आणि वहीत तशी टीप घालता येईल का, हे फादरांना विचारावं. एक जण हिंदू आणि एक कॅथलिक अशा जोडप्यांची पत्रंही याच विषयावर येतात. त्यांनी नावाचं बोलणं मूल व्हायच्या आधीच दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांसमोर उरकावं, बाळंतिणीच्या खाटेपाशी नको.

फादरांकडे तारीख ठरवायला जाल तेव्हा नवऱ्याला आणि सासूबाईंना दोघांनाही बरोबर न्या, आणि वहीत लिहायचं पूर्ण नाव सासूबाईंच्या तोंडून सांगू द्या.